कोकणच्या किनाऱ्यावर जाण्याआधी: लाटा, वारा आणि भरती-ओहोटीचा अंदाज कसा वाचायचा

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या घरी रत्नागिरीत फोन सुरू होतात. "शनिवारी निघतोय, पाऊस नाही ना?" पावसाचं उत्तर सोपं असतं. समुद्र कसा आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. स्वच्छ ऊन असलेल्या, पानही हलत नसलेल्या दिवशी समुद्र धोकादायक असू शकतो, ही गोष्ट किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांना सहसा कुणी सांगितलेलीच नसते.

मी स्वतः पोहण्यासाठी आणि पुढे सर्फिंग शिकण्यासाठी हे अंदाज वाचायला लागलो. सुरुवातीला स्क्रीनवरचे बाण, रंग आणि रकाने पाहून काहीच कळत नसे. त्यातलं नेमकं काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं पाहायचं, ते इथे लिहितोय. तुम्ही मुलांना घेऊन कंबरभर पाण्यात जाणार असाल, बोटीनं डॉल्फिन पाहायला जाणार असाल किंवा पहिल्यांदा सर्फबोर्डवर उभे राहणार असाल, तिन्हींसाठी क्रम हाच.

काय काय जवळ हवं

फोनमध्ये चार गोष्टी ठेवा. भारतीय हवामान विभागाचं "मौसम" ॲप, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचं समुद्रस्थितीचं पान किंवा त्यांचं "समुद्र" ॲप, विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं "दामिनी", आणि लाटा-वारा तासागणिक दाखवणारं विंडीसारखं एखादं ॲप. इन्कॉइस ही केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालची संस्था आहे. भारताच्या किनाऱ्यासाठी लाटांचे अधिकृत इशारे तिथून निघतात, त्यामुळे इतर ॲप काही वेगळं सांगत असेल तर शब्द इन्कॉइसचा मानायचा.

त्याशिवाय भिंतीवरचं तिथी दाखवणारं कॅलेंडर किंवा पंचांग, तुमच्या किनाऱ्याजवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता, शिट्टी, वीस-पंचवीस मीटर दोरी आणि घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅन कशासाठी, ते शेवटी येईल. बोटीत बसणार असाल किंवा स्कूबा करणार असाल तर आधार कार्ड जवळ असू द्या, आणि बोटवाल्याकडे मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, हे बिनदिक्कत विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर त्या बोटीत बसू नका.

१. आधी किनारा नक्की करा, मग अंदाज उघडा

कोकणात मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं जंजिऱ्याचं, दुसरं दापोलीजवळचं हर्णै शेजारचं. ॲपमध्ये नुसतं नाव टाकून पुढे गेलात तर भलत्याच ठिकाणची भरती वाचत बसाल. नकाशावर बोट ठेवून जागा निवडा.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, किनारा उघडा आहे की डोंगराच्या आडोशाला. गुहागर, काशीदसारखे सरळसोट किनारे समुद्राची लाट थेट अंगावर घेतात. जिथे एखादं भूशिर पुढे आलंय तिथे त्याच्या कुशीत पाणी बरंच शांत असतं, पण फक्त एका दिशेच्या लाटांपुरतं. दुसरी, उतार. गणपतीपुळ्यात पुळणीचा उतार अंगावर येणारा आहे. दोन पावलं पुढे टाकली की पाणी कमरेवरून छातीवर येतं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. तिथे लावलेले धोक्याचे फलक शोभेचे नाहीत. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, खाडीचं तोंड. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं. वरून पाहिलं तर ते संथ, काचेसारखं दिसतं, त्यामुळे माणसं नेमकी तिथेच उतरतात. खाडीच्या तोंडाशी पोहायचं नाही, अंदाज काहीही म्हणो.

२. इशारे आधी, आकडे नंतर

हवामान विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. इथे एक मोठी गफलत होते. हे रंग बहुतेक वेळा पाऊस, वीज, वादळी वारा किंवा उष्णता यांच्याबद्दल असतात. रत्नागिरी जिल्हा हिरवा दिसतोय म्हणजे समुद्र शांत, असा त्याचा अर्थ नाही.

समुद्रासाठी वेगळं पाहावं लागतं. हवामान विभागाचाच मच्छीमारांसाठीचा इशारा पाहा. त्यात "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत" अशा धर्तीचं वाक्य दिसलं की बोटीचा बेत रद्द. मग इन्कॉइसच्या उंच लाटांच्या सूचना पाहा. त्या मालवण ते वसई अशा पट्ट्यासाठी, अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, लाटा इतक्या ते इतक्या मीटर, अशा स्वरूपात येतात. तुमचं गाव त्या पट्ट्यात आहे का आणि तुमची वेळ त्या तासांत बसते का, एवढंच तपासायचं.

बातम्यांत "बंदरात तीन नंबरचा बावटा" असं ऐकलं असेल. बंदरांना मिळणारे हे इशारे १ ते ११ क्रमांकाचे असतात. तीन नंबर म्हणजे खुद्द त्या बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. हा बावटा लागला की अनुभवी मच्छीमारही होडी काढत नाहीत. पर्यटकांनी मग गुडघाभर पाण्यातही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पायरीवर एकही इशारा असेल तर पुढचे रकाने वाचायची गरज नाही. बेत बदला.

३. लाटेची उंची: तो आकडा सरासरी आहे

अंदाजात "लाट १.२ मीटर" असं दिसतं तेव्हा प्रत्येक लाट १.२ मीटरची असते असं नव्हे. हा आकडा त्या वेळच्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. म्हणजे त्याहून लहान लाटा पुष्कळ, आणि अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी किंवा कोणत्याही कातळावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे फार नीट समजून घ्यावं. अर्धा तास पायाशी येऊन फुटणारी लाट एकदाच डोक्यावरून जाते, आणि एकदाच पुरे होतं.

माझ्या पुरते आकडे असे. लहान मुलं, नवखे पोहणारे: अर्ध्या मीटरपर्यंत. चांगलं पोहता येतं, समुद्राची सवय आहे: पाऊण ते एक मीटर. सर्फिंग शिकताय आणि सोबत प्रशिक्षक आहे: साधारण ०.६ ते १ मीटर. दीड मीटरच्या वर गेलं की वाळूवर बसायचं. हे माझे ठोकताळे आहेत, सरकारी नियम नव्हेत, आणि पुढचा रकाना वाचल्याशिवाय ते वापरायचे नाहीत.

४. सेकंदांचा रकाना

सगळ्यांत कमी पाहिला जाणारा आणि सगळ्यांत जास्त सांगणारा रकाना हाच. एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते, ते इथे लिहिलेलं असतं. याला लाटेचा कालावधी म्हणतात.

जवळच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा आखूड असतात, पाच-सहा सेकंदांच्या. त्या दिसायला खवळलेल्या, फेसाळ, पण त्यांचा जोर वरवरचा. दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, तोवर त्या लांब आणि गुळगुळीत झालेल्या असतात, बारा, पंधरा, अठरा सेकंदांच्या. सर्फर त्यांना स्वेल म्हणतात. खोल पाण्यात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण ५६ मीटर असते, चौदा सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरच्या वर. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत लाटेची हालचाल पोहोचते. त्यामुळे लांब लाट किनाऱ्यापासून बरीच दूर असतानाच तळाला टेकते, मंदावते आणि उभी राहायला लागते. खुल्या समुद्रात एक मीटर असलेली पंधरा सेकंदांची लाट फुटताना दीड मीटरच्या वर जाऊ शकते. शिवाय ती पाणी जास्त आणते, आणि ते पाणी परत जायलाही जागा शोधतं. पाण्याची ओढ त्यातूनच तयार होते.

मार्चपासून मेपर्यंत हे विशेष पाहा. दक्षिण गोलार्धात थंडीकडे झुकणारे दिवस सुरू होतात, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात मोठी वादळं होतात आणि त्यांचा स्वेल साधारण आठवडाभरानं आपल्या किनाऱ्याला लागतो. इकडे आकाश निळंशार, वारा पडलेला. दोन मोठ्या लाटांच्या गटांमध्ये समुद्र दहा-दहा मिनिटं तळ्यासारखा पडून राहतो. नवखा माणूस नेमका त्या शांत वेळेत आत शिरतो. केरळात अशा अचानक चढून येणाऱ्या समुद्राला "कल्लक्कडल" म्हणजे चोर समुद्र म्हणतात, आणि इन्कॉइस आता त्याचे वेगळे इशारे देते.

हिवाळ्यात दुसरा प्रकार दिसतो. अरबस्तानाच्या बाजूला "शमाल" नावाचे वायव्येचे वारे जोरात वाहिले की त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतात. डिसेंबर-जानेवारीत इकडे थंड, शांत सकाळ असताना वायव्येकडून अचानक चांगल्या लाटा लागल्या तर कारण बहुधा हेच. सर्फिंग शिकणाऱ्यांना हे दिवस आवडतात.

साधा हिशेब: कालावधी आठ सेकंदांच्या आत असेल तर वरचे उंचीचे आकडे तसेच धरा. दहा-बाराच्या पुढे गेला तर निम्मे करा. पंधराच्या पुढे गेला आणि उंची पाऊण मीटर किंवा जास्त असेल तर कुटुंबाला पाण्यात नेऊ नका.

५. वारा: दिशेचा बाण उलटा वाचू नका

वारा आणि लाट, दोन्हींची दिशा "कुठून येते" ती सांगतात. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. ॲपमधला बाण मात्र बहुधा वारा जिकडे जातो तिकडे टोक करून असतो. गोंधळ टाळायला अंश पाहा. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आपला किनारा ढोबळपणे पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे २७०च्या आसपासचं सगळं थेट तोंडावर येतं.

एककंही तपासा. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर प्रतितास. १५ किलोमीटरचा वारा झुळूक आहे, १५ नॉटचा वारा पाणी खवळवतो.

पाऊसकाळ सोडला तर कोकणातला वारा घड्याळासारखा चालतो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो, म्हणून पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्यानं पाण्याचा पृष्ठभाग साफ राहतो, लाटेची कड नीट उभी राहते. दिवस तापला की उलट होतं, दुपारी बारा-एकपासून खारा वारा सुरू होतो आणि चार वाजेपर्यंत त्याला जोर येतो. मार्च ते मे या काळात दुपारचा वायव्येचा वारा चांगलाच बोचतो. म्हणून पोहणं, सर्फिंग, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, डॉल्फिन, सगळं सकाळी अकराच्या आत उरका. दुपारच्या बोटीत पोटात ढवळून आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

मतलई वाऱ्याचा एक धोका आहे. हवेची गादी, फुगवलेली ट्यूब, पॅडल बोर्ड, हे सगळं तो सावकाश खोल पाण्याकडे नेतो. मुलांच्या ट्यूबला दोरी बांधून टोक मोठ्या माणसाच्या हातात हवं.

६. भरती-ओहोटी: तिथीवरून अंदाज, तक्त्यावरून खात्री

आपल्याकडे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती, दोनदा ओहोटी. म्हणून वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी तक्ते काढतो, तेच आकडे बहुतेक ठिकाणी मिळतात. पण तक्ता उघडण्याआधी कोळ्यांचा जुना हिशेब शिकून घ्या, कारण तो डोक्यात राहतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे. हा हिशेब मुंबई-रायगडला तास-अर्धा तासाच्या फरकानं जुळतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते.

यातून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवता येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पूर्ण भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, सगळं उलट: भरती सकाळ-संध्याकाळी, ओहोटी दुपारी. सूर्यास्ताला लांबच लांब ओल्या वाळूवर चालायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्या गाठा. अष्टमीला संध्याकाळी पाणी सुरूच्या बनापर्यंत आलेलं असेल.

उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेला मालवणकडे जाता जाता हा फरक बराच कमी होतो. सर्वांत मोठं उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस नंतर येतं, त्याच दिवशी नव्हे.

पाणी एकसारख्या वेगानं चढत-उतरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पाण्याच्या बारा हिश्शांपैकी पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असं ते सरकतं. म्हणजे मधले दोन तास सर्वांत जोराचे. खाडीजवळच्या किनाऱ्यांवर ओहोटीचे हे मधले दोन तास पाण्यापासून दूर राहा.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग किंवा अलिबागचा कुलाबा किल्ला, दोन्ही ओहोटीत चालत करायच्या गोष्टी. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पाणी फिरताच परत या. "अजून वेळ आहे" हा अंदाज नजरेनं करू नका, घड्याळ पाहा. प्रदक्षिणेच्या वाटेवर मधेच पाणी आलं तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो. आणि वाळूवर गाडी नेऊ नका. ओहोटीत टणक वाटणारी ओली वाळू भरती चढायला लागली की मऊ होते, चाकं रुततात, आणि मग गावातली माणसं दोर आणि ट्रॅक्टर घेऊन धावतात. बहुतेक किनाऱ्यांवर त्याला मनाईही आहे.

७. दोन दिवस वाचून पाहू

किनारा गुहागर. समजा डिसेंबरातला शनिवार, अष्टमी. इशारा नाही. लाट ०.५ मीटर, सात सेकंद, वायव्येकडून. सकाळी वारा पूर्वेचा आठ किलोमीटर, दुपारी दोनला वायव्येचा बावीस. तिथीवरून भरती सकाळी साडेपाच-सहाला, ओहोटी साडेअकरा-बाराला. भांग असल्यामुळे पाण्याची ये-जा सौम्य. निष्कर्ष: नऊ ते अकरा पाण्यात खुशाल जा, दुपारी घरी जेवून झोपा, संध्याकाळी पुळण अरुंद असेल म्हणून मुलांचे वाळूचे किल्ले वरच्या बाजूला बांधा.

तोच किनारा, एप्रिलअखेर, पौर्णिमा. इशारा अजून नाही. लाट ०.९ मीटर, सोळा सेकंद, नैऋत्येकडून. वारा जवळपास नाही. आकाश निरभ्र. हा दिवस फोटोत पहिल्यापेक्षा सुंदर दिसेल. निष्कर्ष: पाण्यात उतरायचं नाही. सोळा सेकंद, उधाण आणि उघडा किनारा, तिन्ही एकत्र आलेत. उंचीचा रकाना एकटा वाचणारा माणूस मात्र "मीटरभरच तर आहे" म्हणून आत जाईल.

८. महिन्यांप्रमाणे काय बदलतं

जून ते सप्टेंबर समुद्र पाहायचा, त्यात जायचं नाही. लाटा तीन-चार मीटरच्या असतात, यांत्रिक मासेमारीला १ जूनपासून बंदी लागते, जलक्रीडाही मेअखेरीस थांबतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटल्या म्हणजे समुद्र पर्यटकांसाठी शांत झाला, असं धरू नका. सप्टेंबरातही जोर असतो.

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतो. "दामिनी" उघडी ठेवा, आणि मोकळ्या पुळणीवर आपणच सर्वांत उंच असतो हे ध्यानात ठेवून पहिल्या गडगडाटाला पक्क्या घरात किंवा गाडीत जा, झाडाखाली नको.

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार तर जमिनीला लागलंच नाही, ओमानच्या दिशेनं वळलं, तरी ऐन दिवाळीच्या दिवसांत सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरलं. वादळ दूर जातंय असं नकाशात दिसलं तरी लाटांचा रकाना उतरेपर्यंत थांबा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस. मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी पाणी याच दिवसांत नितळ असतं. त्यातही उधाण टाळून भांगाचे दिवस धरलेत तर गाळ कमी हलतो.

अंदाज पहिल्या तीन दिवसांचा भरवशाचा. पाच दिवसांपुढचा फक्त कल सांगतो. खोलीचं बुकिंग दहा दिवस आधी करा, पण पाण्यात जायचा निर्णय आदल्या रात्री घ्या आणि सकाळी पुन्हा तपासा. काही पानांवर वेळ ग्रिनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवा. घाट उतरल्यावर आणि डोंगराआडच्या किनाऱ्यांवर रेंज जाते, म्हणून तक्त्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

९. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पंधरा मिनिटं

कपडे बदलण्याआधी, शक्य असेल तर थोड्या उंच जागेवरून, पंधरा मिनिटं पाणी पाहा. मोठ्या लाटा गटानं येतात, त्यामुळे पाच मिनिटं पुरत नाहीत.

शोधायची ती ओढीची वाट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत समुद्रात जातं, त्याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटताहेत आणि मधे एक पट्टा गडद, न फुटणारा दिसतो. त्या पट्ट्यात फेस, पानं, नारळाची सालं किनाऱ्याकडे न येता बाहेर सरकताना दिसतात. एखादी काटकी पाण्यात टाकून ती कुठे जाते ते पाहा. नवख्याला हाच पट्टा सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत.

मग माणसांना विचारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे, जाळं विणत बसलेले, शहाळीवाले. "पोहायला सेफ आहे का?" असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखणारं उत्तर मिळेल. "काका, आज पाण्याला ओढ कुठल्या बाजूला आहे?" असं विचारा. मालवणकडे "आज पाण्याक ओढ आसा, खोल जाव नकात" असं उत्तर आलं की सगळी ॲप बाजूला ठेवा. वाळूचा बांध गेल्या उधाणात कुठे सरकला, हे त्यांना माहीत असतं आणि उपग्रहाला दिसत नाही.

जीवरक्षक सगळ्या किनाऱ्यांवर नसतात. असतील तर त्यांच्या समोरच पाण्यात जा. लाल बावटा म्हणजे पाण्यात नाही. दारू घेतलेला माणूस गटात असेल तर त्याला वाळूवर सामान सांभाळायला बसवा.

१०. ओढीत सापडलात, किंवा कुणी सापडलं तर

ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्याविरुद्ध पोहत राहिलात तर दमाल, आणि दमणंच जीवघेणं ठरतं. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, मग किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो. बाजूला लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्यासोबत तिरके किनाऱ्याकडे या. सुटता आलं नाही तर तरंगत राहून एक हात वर करून हलवा.

दुसरं कुणी सापडलं तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलेही बुडतात, आणि कोकणात हे पुन्हा पुन्हा घडलंय. दोरी बांधलेला तो रिकामा बंद कॅन फेका, माणूस त्याला धरून तरंगू शकतो. शिट्टी वाजवा, जवळच्या होडीवाल्यांना हाक मारा, एकानं फक्त बुडणाऱ्यावर नजर ठेवून बोट दाखवत राहायचं, कारण लाटांत डोकं क्षणात दिसेनासं होतं. दुसऱ्यानं ११२ ला फोन लावायचा. सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४, रुग्णवाहिका १०८. हे चार क्रमांक गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवून ठेवा. फोनवर किनाऱ्याचं नाव सांगताना तालुकाही सांगा, म्हणजे मदत दुसऱ्या मुरुडला जाणार नाही. पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तुम्हाला देता येत असेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.